एकदाच ऐकून आलेली

कोल्हीण मेली हे धनंजयनं सांगितलं तेव्हा दर्शना गावाहून आलेल्या कॅसेटचं रिकामं कव्हर हातात धरून खोलीभर कॅसेट शोधत होती. टेपरेकॉर्डरमध्ये नव्हती, उशीखाली नव्हती, खिडकीत कोथिंबिरीच्या डब्याशेजारी नव्हती. शुक्रवारची सकाळ होती. दोघांची एकत्र सुट्टीची तेवढीच एक सकाळ, आणि तिच्यात चहा उकळेपर्यंत टेप लावायचा हा दिवाळीपासूनचा नेम. धनंजय नुकताच फार्मवरून आला होता. दारातच बसून बूट काढत होता, बुटातली वाळू जुन्या वर्तमानपत्रावर झटकत होता.

"गाडीत राहिली ती," तो म्हणाला. "मीच नेली होती. अगं पण ऐक तर काय झालं. ती कोल्हीण होती ना, शेडमागची? गेली. पर्णिकामुळे सापडली."

"कुणामुळे?"

"आपल्या पर्णिकामुळे." तो हसत होता. आठवडाभर शारजाबाहेर धैदच्या रस्त्याला त्या वाळूत कोंबड्यांच्या शेडमध्ये काढून माणूस घरी येतो तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं फार काही नसतं, आणि जे असतं ते तो असं दारातच सांगून टाकतो, चहाच्याही आधी. दर्शनाला हे माहीत होतं. तिनं गॅस बारीक केला. पार्टिशनच्या पलीकडे मल्याळी जोडप्याचा टीव्ही सुरू होता, आणि तो ज्या प्लायवूडमधून ऐकू यायचा त्याच प्लायवूडवर, खिळ्याला, पर्णिकाचा फोटो होता. अकरा महिन्यांचा. काजळाची तीट एवढी मोठी की पाहणाऱ्याला आधी तीटच दिसावी.

धनंजय सांगत होता. कोल्हीण गेले दोन आठवडे जाळीखालून उकरून येत होती, कोंबडी उचलून नेत होती. मालकाचा, अर्बाबचा, निरोप आला, यल्ला, चला, काहीतरी करा. मग तो आणि लियाकत पिकअप घेऊन, बंदूक घेऊन, गाडीच्या टपावरचा मोठा दिवा घेऊन शेडमागच्या टेकाडाशी जाऊन बसायचे. लियाकत क्वेट्ट्याकडचा, फार्मची गाडी चालवायचा आणि राखणीलाही असायचा. तो हाताचा पंजा तोंडाला लावून सशाच्या पिल्लासारखा ओरडायचा. तशी बरीच सोंगं यायची त्याला. पण कोल्हीण काही येईना. दोन हिरवे डोळे लांबवर दिसायचे, थांबायचे, विझायचे. त्या रात्री कंटाळून दोघं गाडीत चहा पीत बसले. दारं उघडी. धनंजयनं टेप लावला. रोज जाता-येता लावायचा तसाच. आजीचं बोलणं संपलं, सुपारीचं, पाहुण्यांचं, आणि मग दुसऱ्या बाजूला ते पर्णिकाचं रडणं सुरू झालं.

"मी बंद करायला हात पुढं केला तर लियाकतनं मनगट धरलं. म्हणाला, बंद मत करो. आणि समोर ती. अशी, इथून त्या फ्रिजएवढ्या अंतरावर. दिवा थेट तोंडावर, तरी दिव्याकडे बघेना. गाडीच्या दाराकडे बघत होती. आवाज जिथून येत होता तिथं." त्याच्या आवाजातलं हसू इथवर येऊन संपलं. त्यानं दुसरा बूट हातात घेतला, पण झटकला नाही. "कमाल आहे गं. एवढे दिवस आम्ही घसा फोडतोय, ढुंकून बघितलं नाही. आणि हे एकदा ऐकलं, आणि आली."

चहा उतू गेला. दर्शना गॅसशीच उभी होती आणि तिला ते दिसत होतं, दूध-चहाचा फेस बर्नरवर जळताना, आणि तरी हात पुढं जात नव्हता. छातीत, डाव्या बाजूला, आतल्या आत काहीतरी सरसरलं. जुनी ओळखीची कळ. तिनं पटकन ओढणी पुढं घेतली, जणू कुणाला डाग दिसेल. डाग कुठला? ते सगळं आटून किती काळ झाला. पण शरीराला कुणी सांगितलेलं नसतं, ते आपलं जुन्याच पत्त्यावर राहतं. "उतू गेला बघ," धनंजय म्हणाला, आणि त्यानंच उठून गॅस बंद केला. "मला पण नंतर कसंतरीच वाटलं," तो फडकं शोधत म्हणाला. "उगाच सांगितलं तुला."

एकदा ऐकलं आणि आली. तिनं किती वेळा ऐकलं होतं? दिवाळीनंतर त्यांच्या गावचा गोपीनाथ तिकडून परत आला, त्यानं कॅसेट आणली. फणसपोळीच्या पुडीत गुंडाळून, म्हणजे विमानतळावर कुणी काढून घेऊ नये म्हणून. त्या रात्री दोघांनी ती दोनदा ऐकली, रडले, मग हसले, सासूबाई टेपलाच ‘हॅलो’ म्हणत होत्या म्हणून. एका बाजूला सासूबाईंचं बोलणं. दुसऱ्या बाजूला कुणीतरी टेप सुरू ठेवूनच विसरलेलं. पडवीत कुणी नारळ खवतंय, विळीचा आवाज, कोंबड्यांचा कलकलाट, आणि मग पर्णिका रडायला लागते. आधी कुरकुर. मग एकेक हुंदका ओढत, वर चढत, आणि मग ते मोठं रडणं, ज्याच्यात मधे श्वास हरवतो आणि ऐकणाऱ्याचाही हरवतो. बराच वेळ. मग बादली ठेवल्याचा आवाज, बांगड्या, आणि शोभनावहिनी, दर्शनाच्या थोरल्या जाऊबाई: "आले गो बाय माझे, आले, आले." आणि टेप संपतो. सुरुवातीला ती रोज ऐकायची. क्लिनिकमधून दुपारी घरी आली की, परत संध्याकाळच्या ड्यूटीला जायच्या आधी, पडदा ओढून, आवाज बारीक करून. मग शुक्रवारी शुक्रवारी. आणि अलीकडे, हे तिचं तिलाच आत्ता, चहाचं जळकं धुपत असताना समजलं, अलीकडे ती त्या रडण्यापाशी आली की बटण दाबून टेप पुढं पळवायची. रडणं चिरक्या आवाजात भुर्रकन निघून जायचं आणि थेट बांगड्या यायच्या.

कोल्ह्यांच्या गोष्टी या घरात वर्षभर येत होत्या. दुसऱ्या बायकांचे नवरे ऑफिसातली भांडणं घरी आणतात, धनंजयनं कोल्हे आणले. थंडीत तो सांगायचा, आत्ता जोड्यांचे दिवस आहेत, मादी रात्री असं ओरडते की कुणीतरी बाईचा गळा दाबतंय असं वाटावं. तेव्हा सशाचं सोंग काढून उपयोग नाही, भूक कुणाला आहे? लियाकत मग कोल्ह्यासारखं भुंकतो आणि नर धावत येतो, भांडायला. ऑगस्टात सांगायचा, आता दिसतच नाहीत गं, अगदी पहाटेकडे ठिबकच्या नळ्या चावायला येतात पाण्यासाठी, अंगावर केस नाहीत, नुसते कान. बोलावलं तर मान वळवत नाहीत. आणि उन्हाळा मोडला की नवी पोरं. आईनं हाकललेली. ती कशालाही येतात, किल्ल्या वाजवल्या तरी येतात, येडी. दर्शना ऐकायची, भाजी निवडत, हसत. आई हाकलते? हो मग, चावते सुद्धा, धनंजय म्हणायचा. आणि पिलांचे दिवस? ते आत्ता, फेब्रुवारी-मार्चला. तेव्हा मादी दिवसाउजेडी पण दिसते. बिनधास्त. इकडे तिकडे हुंगत बसत नाही, तोंडात कोंबडी धरली की सरळ रेघ मारल्यासारखी चालायला लागते. खात नाही. घेऊन जाते.

"मग तिची पिल्लं?" दर्शनानं विचारलं.

"काय?"

"पिलांचे दिवस आहेत ना. पिल्लं असतील तिला."

धनंजय फडकं पिळत होता. "असतील," तो म्हणाला.

जुम्म्याच्या नमाजानंतर लियाकत गाडी घेऊन आला. खरं तर तो धनंजयला रात्री न्यायला यायचा, पण दर्शनानं खालच्या बकाल्यातून, किराणा दुकानातून, फोन करायला लावला. धनंजय आधी म्हणाला, तू कशाला, तिथं वास असतो, ऊन असतं. मग त्यानं बूट परत चढवले. ती दोघांच्या मधे बसली, पुढ्यात गियर, गियरच्या वर टेप. कॅसेट आतच होती. पांढरी कड तेवढी बाहेर. शारजाच्या शेवटच्या इमारती मागं पडल्या, गोदामं पडली, आणि मग दोन्हीकडे वाळूच. फिकी, मग हळूहळू तांबूस होत जाणारी, मधे मधे घाफची झाडं, वर पसरलेली आणि खालून उंटांनी एका रेषेत कातरलेली. लियाकत तिच्याशी बोलताना समोर रस्त्याकडेच बघत बोलायचा. "भाभी, आपकी बच्ची की आवाज़ में बड़ी ताकत है, माशाल्ला. अर्बाब का भतीजा बोल रहा था, इसकी एक कॉपी निकाल के दो. उसके कैंप की तरफ़ भी बहुत लोमड़ी है."

"देऊ नंतर," धनंजय घाईनं म्हणाला. "निकाल देंगे, लियाकतभाई. बाद में."

"बाद में तो किसी काम की नहीं," लियाकत म्हणाला. अगदी सरळ, एखादा माणूस आंब्याच्या भावाबद्दल बोलेल तसा. "अभी बच्चों के दिन हैं तो आती है. गर्मी में बजाओ, सर्दी में बजाओ, इस आवाज़ पे कोई मादा मुड़ के नहीं देखती. वही मादा हो, तो भी."

दर्शनानं बटण दाबलं. कॅसेट उसळून बाहेर आली, गरम होती. तिनं ती पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली, आणि दोन्ही हात पर्सवर ठेवून बसली. वही मादा हो, तो भी. म्हणजे असा एक दिवस असतो. त्याच्या आदल्या दिवशी ती धावत आली असती आणि त्या दिवशी तिला ते नुसतं ऐकू येतं. वाऱ्यासारखं. क्लिनिकमध्ये दिवसभर मुलं रडत असतात. दातांचं क्लिनिक, रडणारच. दर्शना काउंटरमागे बसून फुगे फुगवते, स्टिकर देते, ‘हबीबी, खलास, खलास’, झालं झालं, म्हणते, आणि तिच्या आत काही हलत नाही. डॉक्टर कौतुकानं म्हणतात, तुमच्याकडे पेशन्स फार आहे. तो पेशन्स नसेलच. उन्हाळा लागला असेल.

दीड वर्षापूर्वी, सव्वा वर्षाच्या पर्णिकाला गावी ठेवून आली तेव्हा तिला सगळेच म्हणाले होते, शहाणपण केलंस. दोन पाळ्यांची नोकरी, सकाळ आणि संध्याकाळ, मधल्या वेळात घरी. अर्ध्या खोलीचं घर. नवरा आठवडाभर वाळवंटात. महिनाभर त्यांनी पर्णिकाला खालच्या मजल्यावरच्या मरियमबीकडे ठेवून पाहिलं होतं. मरियमबी मायाळू होती, पण तिच्या एका खोलीत सात-आठ पोरं, सगळी एसीखाली ओळीनं निजवलेली, एकाला ताप आला की सगळ्यांना. पर्णिकाचा ताप उतरेना तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या, हिकडे आणून ठेव, शाळेत घालायच्या वेळी ने. या इमारतीतच अशी किती घरं होती, ज्यांच्या भिंतीवर मूल होतं आणि घरात नव्हतं. दर्शना सुट्टी काढून गेली. अंगावरचं दूध तोडायचं कसं, तर कोरफडीचा गर लावायचा, सासूबाईंनीच काढून दिला वाटीत. कडूजहर. दोन दिवसांत सुटेल, त्या म्हणाल्या, माझी दोन्ही अशीच सुटली. पहिल्या रात्री पर्णिकानं तोंड लावलं, चेहरा वेडावाकडा झाला, रडली, आणि परत लावलं. रडत रडत, ओकाऱ्या देत, कडूसकट प्यायली. दर्शनानं डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं आपणहून मान फिरवली आणि शोभनावहिनींच्या दिशेनं हात केले, आणि सासूबाई म्हणाल्या, झालं. परत आल्यावर कितीतरी दिवस दर्शना ड्यूटीवर ब्लाउजात रुमालाच्या घड्या घालून जात होती. कुठल्या पोरानं टाहो फोडला की घडी भिजायची. तेव्हा भिजायची.

फार्मवर अमोनियाचा वास डोळ्यांत जात होता. शेडच्या पंख्यांची घरघर, आणि त्या घरघरीखाली हजारो कोंबड्यांचं एकच एक पुटपुटणं. तिथून टेकाडापर्यंत ते चालत गेले. बीळ घाफच्या मुळांमध्ये होतं, दर्शनाला वाटलं होतं त्याहून लहान. तोंडाशी पिसं पडलेली, वाळलेल्या पंखाचा तुकडा, आणि आश्चर्य म्हणजे एक प्लास्टिकची चप्पल, चावलेली, लहान मुलाची.

"खेलने को लाती है," लियाकत म्हणाला. "भाभी, हाथ अंदर मत डालना."

ती गुडघ्यावर बसली. वाळू कपड्यातून भाजत होती. बिळाच्या तोंडाशी कान नेला तर आतून थोडी गार हवा आली, ओशट वासाची. आवाज काहीच नाही. पिल्लं असतील तर गप्प होती. आई नसताना गप्प राहायचं हे त्यांना कुणी शिकवलं असेल? आईनंच. जाताना. "दूध पीत होती का अजून?" तिनं न वळता विचारलं. लियाकतला तिचा प्रश्न धनंजयनं हिंदीत सांगितला नाही, तरी लियाकतला तो कळला. त्यानं मान खाली घातली. कोल्हिणीच्या पोटावरचे केस गेलेले होते, तो म्हणाला, पिला रही थी.

"पण हे बघ ना," धनंजय उकिडवा बसला, पीस उचलून दाखवायला लागला, "मांस आणत होती म्हणजे खायला लागलीत ती. आणि बाप असतो. खरंच असतो गं, कोल्ह्यांत बाप पण आणून टाकतो. मी बघितलाय." त्याचा चेहरा उन्हानं इतका काळा पडला होता की डोळ्यांभोवतीच्या गॉगलच्या खुणा तेवढ्या मूळच्या धनंजयच्या उरल्या होत्या. दर्शनाच्या एकदम लक्षात आलं की कॅसेट गाडीत का होती. हा माणूस रोज तिन्हीसांजा शेडवरून क्वार्टरकडे जाताना एकटा ते रडणं ऐकत होता. पुढं न पळवता.

त्यांनी शेडमधली मेलेली एक कोंबडी आणून बिळापाशी ठेवली. रोज ठेव, दर्शना म्हणाली. तो हो म्हणाला.

त्या आठवड्यात ती रोज क्लिनिकमध्ये फोनची वाट बघत होती आणि फोन वाजला की हॅलोऐवजी क्लिनिकचं नाव घ्यायचं विसरत होती. सोमवारी फोन आला. कोंबडी गेली, धनंजय म्हणाला, पण कुणी नेली सांगता येत नाही. मंगळवारीही गेली. बुधवारी संध्याकाळी काउंटरसमोर एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती, मूल आत जायचं नाही म्हणून तिच्या मानेला विळखा घालून ओरडत होतं, आणि फोन वाजला. "दिसली!" धनंजय ओरडतच होता. "तीन आहेत. बाहेर आली होती, खेळत होती गं, त्या चपलेवरून मारामारी. आणि तो मोठा लांब उभा होता, नर. जगली, दर्शना. आईशिवाय पण जगतात बघ. आता तरी बरं वाटलं ना?"

"हो," ती म्हणाली. "वाटलं ना."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ फुगा फुगवत राहिली, आणि तो भलताच मोठा झाला, तेव्हा त्या बाईनं मुलाचं तोंड दुसरीकडे फिरवलं, फुटेल म्हणून. बरं वाटायला हवं होतं. तीन जीव वाचले होते. खेळत होती. चपलेवरून मारामारी. हे तेच होतं जे दर आठवड्याला घरून फोनवर येत होतं: मजेत आहे, खाते-पिते, अंगणात पोरांबरोबर असते, तू काळजी करू नको. आणि ती फोन ठेवून म्हणायची, बरं वाटलं. ते खरंच असायचं. कुणी खोटं बोलत नव्हतं. जगतातच. कडू उतरलं की जगतात.

शुक्रवारी संध्याकाळी रोल्लाच्या चौकात कार्ड फोनपाशी नेहमीची रांग होती. साइटवरची माणसं, इस्त्रीचे शर्ट घालून, हातात कार्डं, एकजण पलीकडच्याला ‘आईला दे, आईला दे’ म्हणून ओरडत होता आणि मागचे हसत होते. त्यांचा नंबर आला. धनंजयनं कार्ड सरकवलं, आपण दोन वाक्यं बोलला आणि रिसीव्हर तिच्याकडे दिला.

"काय गो, जेवलीस?" शोभनावहिनी. मागं कोंबड्या, कुणीतरी सायकलची घंटी वाजवतंय. "थांब, देते तिला. पर्णिका, ये गो, फोन आलाय बघ. कोणाचा सांग?"

लांबून, खेळातून न उठता: "टेपातली आई."

वहिनी ओशाळं हसल्या. "पोरं चिडवतात तिला तसं. तू मनावर घेऊ नको हां." वहिनींना ‘मोठी आई’ म्हणायला पर्णिकाला शिकवलं होतं, दर्शनानं स्वतः, जायच्या आधी, बसून. ‘मोठी’ मागच्याच वर्षी गळून पडलं होतं. तेही वहिनींनीच तिला सांगितलं होतं, चोरी केल्यासारख्या आवाजात.

"नका बोलवू तिला," दर्शना म्हणाली. "खेळू दे. वहिनी, एक विचारू? त्या दिवाळीच्या कॅसेटमध्ये ती रडत्येय बघा. शेवटी. का रडत होती?"

"कुठल्या? अगो, ते होय." त्यांना आठवायला वेळ लागला. "मी विहिरीवर गेले होते पाण्याला. मी दिसले नाही की तशीच करते ती, घर डोक्यावर. आले तशी गप झाली. का गो?"

फोनवर कार्डाचे आकडे एकेक उतरत होते. म्हणजे तेही नाही. दिवाळीपासून ती ज्या रडण्याला आपलं समजून उशाशी घेऊन निजत होती, ज्याच्यासाठी पडदा ओढत होती आणि पुढं पुढं जे सोसवेना म्हणून पळवत होती, ते तिच्यासाठी नव्हतंच. त्या रडण्याला जिनं यायचं होतं ती आली होती, बादली खाली ठेवून. तिला वाटलं आता मोठं काहीतरी कोसळेल. पण काही कोसळलं नाही. उलट फार दिवसांनी तिला तो आवाज आतून, पहिल्यापासून, स्पष्ट ऐकू आला, प्रत्येक हुंदका आपापल्या जागी, आणि घाफच्या झाडाखालून निघालेली ती कोल्हीण दिसली, सरळ रेघ मारल्यासारखी येणारी. डोळ्यांवर दिवा. दिव्याकडे न बघता.

"वहिनी, मी येत्येय."

"सुट्टी मिळाली? कधी?"

"सुट्टी नाही. राहायला. नोकरी सोडून येत्येय."

पलीकडे सायकलची घंटी थांबली होती की वहिनींनीच रिसीव्हरवर हात ठेवला होता कोण जाणे. आवाज परत आला तेव्हा तो लहान झाला होता. "ये हो. तुझीच आहे ती. ये." मग जरा थांबून, "पण लगेच येणार नाही हां ती तुझ्याकडे. निजायला तर नाहीच. माझ्याशिवाय..." पुढं नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

"मला माहीत आहे," दर्शना म्हणाली. "तुम्ही रडू नका, वहिनी. मी तिला तुमच्याकडून ओढून घ्यायला येत नाहीये. मी नुसती तिथं असेन." आणि त्या दोघी, एक विहिरीच्या अलीकडे आणि एक समुद्राच्या पलीकडे, कार्ड संपेपर्यंत एकमेकींचा श्वास ऐकत राहिल्या. लाइन तुटली.

मागच्या माणसानं अदबीनं घसा खाकरला. धनंजयनं तिला कोपराला धरून फोनपासून बाजूला घेतलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो रागावला नव्हता, रागावला असता तर बरं झालं असतं. चौकातले दिवे लागत होते, वडाखाली बसलेल्या माणसांच्या घोळक्यातून कुणाच्या तरी विडीचा वास येत होता, आणि तो तिच्याकडे बघत शब्द जुळवत होता, जसा माणूस अंधारात चपला शोधतो.

"ती आता तुझ्यासाठी रडत नाही, दर्शना," तो म्हणाला. अगदी हळू, तिला लागू नये म्हणून. "आणि मी इथं... म्हणजे मी करेन, माझं काही नाही. पण ती तुला ओळखणार पण नाही. कुणाच्या हाकेला चालली आहेस?"

दर्शनानं पर्स छातीशी धरली. आत कॅसेट होती.

"त्या कोल्हिणीचं पिल्लू तरी कुठं होतं तुमच्या गाडीत?" ती म्हणाली.